पद्मिनीत कुठलं इंजिन बसवायचं? उत्तर शोधताना भेटलेले वालचंद हिराचंद

आमच्या कोल्हापूरच्या घरी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली, क्रीम रंगाची, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. गेल्या वर्षी जोतिबाला जाताना तिनं चढावर असा काही निळा धूर सोडला की मागून येणारा एक टेम्पोवाला खाली उतरून पाण्याची बाटली घेऊन आला. त्याला वाटलं गाडी पेटली.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर सिलिंडरमध्ये जातं आणि पेट्रोलसोबत जळतं. उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं आणि मान हलवली. हा ब्लॉक आधीच दोनदा बोअर झालाय. आता दोनच रस्ते. एक, ब्लॉकमध्ये नवे लायनर घालायचे, क्रँक ग्राइंड करायचा, हेडचं काम करायचं, थोडक्यात जुनं इंजिन पुन्हा उभं करायचं. दोन, ते काढून ठेवायचं आणि मारुती ईकोचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवायचं. खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच.

मी लगेच ईकोच्या बाजूनं. फ्युएल इंजेक्शन, पाचवा गिअर, एका सेल्फमध्ये स्टार्ट, हवं तर एसीसुद्धा. बाबा ठाम विरोधात. आठवडाभर जेवताना हाच विषय. शेवटी एका रात्री ते म्हणाले की वालचंदशेठनी काढलेल्या कारखान्यातली गाडी आहे ही, तिच्या पोटात दुसऱ्याचं काळीज घालायचं नाही.

इथं मी गप्प झालो. पटलं म्हणून नव्हे. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग केलं. चार वर्षं ते नाव माझ्या आयकार्डवर, टी-शर्टवर, बायोडाटावर होतं. आणि हा माणूस कोण, त्याचा आमच्या गाडीशी काय संबंध, हे मला धड सांगता आलं नसतं. म्हणून वाचायला बसलो. ओरिजिनल ठेवायची की इंजिन बदलायचं, या वादाचं उत्तर त्यात सापडेल असं काही डोक्यात नव्हतं. पण ह्या माणसाचं आयुष्य त्याच वादाभोवती फिरताना दिसलं, म्हणून हा लेख.

पदवी नाही, पण काम घेतो

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातमधलं, दिगंबर जैन. सोलापुरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मॅट्रिक सोलापुरात, पुढे मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेज. पदवी काही पूर्ण झाली नाही. (आमच्या कॉलेजात एटीकेटी लागलेल्या पोरांना हे कुणी सांगायला हवं होतं.)

घरच्या पेढीवर बसून व्याज मोजणं त्यांना जमेना. १९०३ च्या सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, नंतर छोटी कंत्राटं घेऊ लागले. फाटकांना काम कळत होतं, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं काम घेतलं. आजच्या भाषेत एक टेक्निकल को-फाउंडर आणि एक फंडिंग आणणारा. फरक एवढाच की फंडिंग आणणारा साइटवर जाऊन उभा राहायचा.

इथून पुढे बांधकाम वाढत गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बरॅकी बांधल्या आणि त्यात भरपूर कमावलं. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्यांचं वर्णन स्वदेशीचे पुरस्कर्ते एवढंच केलं जातं. ब्रिटिशांची कंत्राटं घ्यायची आणि त्याच पैशातून ब्रिटिश कंपन्यांशी भांडायचं, हा त्यांचा सरळ हिशोब होता. १९२० मध्ये टाटांबरोबर बांधकाम कंपनी झाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे त्या काळातले. मुंबई-पुणे ट्रेननं जाताना मोबाइलची रेंज जाते ना, तेव्हा आठवा. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली, आणि त्याच वर्षी सिमेंटचे पाइप बनवणारी इंडियन ह्यूम पाइप.

एक म्हातारं जहाज

माझ्या गाडीच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा प्रसंग १९१९ चा आहे.

त्या वेळी भारताच्या किनाऱ्यावर आणि भारत-इंग्लंड मार्गावर ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन बड्या कंपन्यांची सूत्रं लॉर्ड इंचकेप यांच्याकडे. याआधी भारतीयांनी काढलेल्या बऱ्याच जहाज कंपन्या या लोकांनी भाडं पाडून पाडून बुडवल्या होत्या. आज मोठं ॲप डिस्काउंट देऊन छोट्याला संपवतं, तोच खेळ, फक्त समुद्रावर.

महायुद्ध नुकतंच संपलेलं. जहाजांची टंचाई. वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालंय. नाव लॉयल्टी. या जहाजाचा पूर्वेतिहास मोठा मजेशीर आहे. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या बॅरो इथं ते पाण्यात सोडलं गेलं, तेव्हा त्याचं नाव होतं एम्प्रेस ऑफ इंडिया. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं हे प्रवासी जहाज व्हँकुव्हर आणि हाँगकाँगदरम्यान वीसेक वर्षं धावलं. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते घेतलं, युद्धासाठी त्याचं हॉस्पिटल शिप केलं आणि नाव बदलून लॉयल्टी ठेवलं. म्हणजे वालचंदांकडे आलं तेव्हा ते थर्ड हँड होतं. वय २८ वर्षं. इंजिन वाफेचं, कोळशावर चालणारं, आणि एव्हाना तेलावर चालणारी जहाजं पाण्यात उतरू लागली होती.

कुठलाही शहाणा मेकॅनिक म्हणाला असता, मालक, हात लावू नका.

वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतलं. २७ मार्च १९१९ ला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. जहाज शिंद्यांचं म्हणून नाव सिंदिया. आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ ला, लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी स्वतः त्यावर होते. भारतीय मालकीच्या कंपनीचं जहाज भारत-इंग्लंड मार्गावर निघालं, त्या तारखेला आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

पाठ्यपुस्तकात गोष्ट इथं संपते. पुढचं असं, की लॉयल्टीनं कंपनीला काही कमावून दिलं नाही. जहाज म्हातारं, चालवणं महाग, दुरुस्त्या संपेनात. प्रवासी वाहतूक तोट्यात गेली. १९२३ मध्ये ते भंगारात निघालं. चार वर्षांत खेळ खलास.

पण त्या चार वर्षांत कंपनीनं मालवाहू जहाजं घेतली होती. ब्रह्मदेशाहून तांदूळ आणण्याच्या मार्गावर ती ब्रिटिशांशी भिडली होती. समोरच्यांनी भाडी पाडली, सिंदियाला विकत घ्यायचाही प्रयत्न झाला. कंपनी विकली गेली नाही. मात्र १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार सही करावा लागला, त्यात सिंदियाला फक्त किनाऱ्यावरच्या वाहतुकीत राहायचं होतं आणि जहाजांच्या टनेजवर मर्यादा होती. वालचंदांना तो करार बोचत राहिला. आयुष्यभर ते भारताच्या किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवा, ही मागणी लावून धरत राहिले.

मला यात एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी लॉयल्टीचं इंजिन बदलायचा घाट घातला नाही, तसं ते जपायलाही बसले नाहीत. ते जहाज फक्त बंदरातून बाहेर पडण्यापुरतं हवं होतं. आम्ही कंपनीत याला प्रोटोटाइप म्हणतो. आणि प्रोटोटाइपच्या प्रेमात पडू नये हे आम्हाला दर प्रोजेक्टला नव्यानं शिकावं लागतं.

गाडीसाठी गेले, विमान घेऊन आले

मधली काही वर्षं पटकन सांगतो. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ माळरानावर ऊस आणि साखर कारखाना, तेच आजचं वालचंदनगर. मालेगावजवळ रावळगाव. लहानपणी खाल्लेली पान पसंद गोळी आठवते? ती याच रावळगावची.

आता मोटार. १९३० च्या दशकात भारतात गाड्या होत्या, पण बनत नव्हत्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड सुटे भाग पेट्यांतून आणून इथं जोडायचे. पेटी उघडा, नट आवळा, विका. सर विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटारी बनवायचा आराखडा केला होता आणि वालचंद त्यामागे लागले. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, जनरल मोटर्सशी जमलं नाही. तयार झाली क्रायस्लर, १९४० मध्ये करार झाला.

त्याच अमेरिकावारीच्या प्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला, जो चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. गप्पांतून विमान कारखान्याची कल्पना निघाली. मोटारीला सरकार परवानगी देत नव्हतं, पण युद्ध सुरू झाल्यामुळे विमानांची त्यांना गरज होती. म्हैसूर संस्थानानं जागा आणि पैसा दिला. २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली आणि पुढच्या वर्षी तिथं जोडलेली विमानं उडालीसुद्धा. १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं, आणि युद्ध संपेपर्यंत तो कारखाना अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचा मोठा तळ झाला. आज तीच एचएएल. तेजस बनवते ती.

विशाखापट्टणमची गोदी तशीच. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. तरी काम पुन्हा सुरू झालं आणि १४ मार्च १९४८ ला जवाहरलाल नेहरूंनी जलउषा हे जहाज पाण्यात सोडलं. नंतर गोदीही सरकारकडे गेली.

मोटारीची परवानगी मात्र अडकून राहिली. युद्धासाठी हा उद्योग आवश्यक नाही, असं सरकारचं म्हणणं. खरं कारण हे की तयार होणारी गाडी ब्रिटिश आणि अमेरिकन कंपन्यांच्या गिऱ्हाइकीवर आली असती. तोवर बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स काढली. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ मोटारी, फार्गो ट्रक.

आता गंमत बघा. ज्या पेटी उघडून नट आवळण्यावर त्यांचा राग होता, प्रीमियरची सुरुवात तशीच झाली. अमेरिकन डिझाइन, अमेरिकन इंजिन. वालचंदांना त्यात विसंगती दिसली नसावी. आधी दुसऱ्याचं जोडायचं, मग एकेक भाग इथं बनवायचा, हाच त्यांचा क्रम होता, जहाजात आणि विमानातही. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५१ च्या सुमारास छोटी फियाट ५०० कुर्ल्यात जोडली जाऊ लागली.

पण हे नीट बघायला त्यांच्याकडे वेळ उरला नव्हता. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं, शेवटपर्यंत पत्नी कस्तुरबाई सोबत होत्या. उद्योग भावांनी पुढे चालवले. सांगलीतलं १९४७ मध्ये सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

म्हणजे बाबांचं वाक्य थोडं दुरुस्त करावं लागेल. आमची गाडी वालचंदशेठच्या कारखान्यातली खरी, पण त्यांनी ती कधी पाहिली नाही. पद्मिनी हे नाव १९७४ नंतरचं, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

मग ओरिजिनल म्हणजे नक्की काय?

इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. (πr² लावून बघा, चार सिलिंडरचं बरोबर येतं.) हे माप फियाटनं १९३७ मध्ये आणलं. म्हणजे आमच्या १९७५ च्या गाडीत मुळात १९३७ चं इंजिन आहे, सुधारत सुधारत आलेलं.

पुढे ऐका. पद्मिनीची बॉडी म्हणजे इटलीतली १९६२ ची फियाट ११०० डी. पण इटलीत त्या मॉडेलला १२२१ सीसीचं मोठं इंजिन होतं. भारतात कुर्ल्याच्या कारखान्यानं त्याच बॉडीत जुनं १०८९ सीसीचं ठेवलं, कारण ते इथं बनत होतं. थोडक्यात, ज्याला बाबा ओरिजिनल म्हणतात ते कॉम्बिनेशन इटलीच्या दृष्टीनं ओरिजिनल नाहीच!

आणि इंजिन बदलण्याचं पाप फक्त गॅरेजवाल्यांनी केलंय असंही नाही. १९८० च्या दशकात प्रीमियरनं ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची, इंजिन जपानच्या निसानचं. पुढे पद्मिनीतच इटलीहून डिझेल इंजिन आणून बसवलं, ती १३७ डी. हिंदुस्तान मोटर्सनं अॅम्बॅसेडरमध्ये इसुझूचं १८०० सीसी बसवलं आणि म्हातारी अॅम्बॅसेडर अचानक पळायला लागली. उद्यमनगरात एक माणूस पान्यानं जे करतो, तेच कंपन्यांनी बोर्डरूममध्ये ठराव करून केलं.

यात वालचंदांच्या स्वप्नाची एक दुखरी बाजूही दिसते. परदेशी कंपन्यांपासून संरक्षण मिळालं तर भारतीय उद्योग उभा राहील, असा त्यांचा विश्वास होता. जहाजांच्या बाबतीत ते बरोबर होते असं मला वाटतं. स्वातंत्र्यानंतर मोटारींना तसं संरक्षण मिळालं. नुसत्या पेट्या जोडणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. पण मग स्पर्धाच उरली नाही. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे आणि गाडी मात्र तीच राहिली, साधारण तोच चेहरा, तेच इंजिन, पार २००० सालापर्यंत. नावीन्यासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या माणसाची कंपनी जगातल्या सगळ्यात हळू बदलणाऱ्या गाड्यांपैकी एक बनवत राहिली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले. मीही स्टेटस ठेवलं होतं.

ईकोचं इंजिन बसवायचं म्हणजे काय करायचं

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर. इंजिन बदलणं म्हणजे मोबाइलची बॅटरी बदलणं नव्हे, मदरबोर्ड बदलण्यासारखं आहे.

पद्मिनीचं इंजिन पुढे उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. म्हणून मारुती ८०० सारखं आडवं, पुढची चाकं ओढणारं इंजिन सरळ बसत नाही. ईको मागच्या चाकांवर चालते, म्हणून तिच्या इंजिनाचं नाव निघालं, २०२२ पर्यंत ते ११९६ सीसीचं होतं. पण तेवढ्यानं भागत नाही. इंजिनचे माउंटिंग नव्यानं वेल्ड करायचे. गिअरबॉक्स बदलला की प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते, तो कापून पुन्हा बॅलन्स करायचा. स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन खाली दांडा येणार, म्हणजे फरशी कापायची.

सगळ्यात मोठा बदल मेंदूचा. पद्मिनीत कार्ब्युरेटर आहे. हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथं दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढलं जातं. सेन्सर नाही, कोड नाही, फक्त भौतिकशास्त्र. ईकोत हे काम ईसीयू करतो. तो क्रँकचा वेग, हवेचा दाब, कूलंटचं तापमान, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघतो आणि किती मिलिसेकंद पेट्रोल फवारायचं ते ठरवतो. त्यासाठी टाकीत इलेक्ट्रिक पंप, नवी पाइपलाइन, पूर्ण वायरिंग. एक सेन्सर चुकीचं वाचायला लागला की गाडी रुसते, आणि तो शोधायला स्कॅनर लागतो. आमचे मेस्त्री कार्ब्युरेटर आवाजावरून सेट करतात. स्कॅनर त्यांच्याकडे नाही.

आणि ब्रेक! पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी ते ठीक. ताकद जवळपास दुप्पट करायची आणि ब्रेक तेच ठेवायचे, हा वेडेपणा आहे. म्हणजे पुढे डिस्क बसवा, म्हणजे पुन्हा खर्च. खर्च जवळपास सारखाच हे मेस्त्रींचं गणित इथं कोसळलं.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी, मग नवी नोंद. ती नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. दुसरीकडे, २०२१ पासून ५० वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि व्हिंटेज झाली की ती रोज भाजी आणायला नेता येत नाही. आमची पद्मिनी नेमकी या उंबरठ्यावर आहे. एकदा ईको बसवली की तो दरवाजा बंद.

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ती बघितलीय. तिचं बॉनेट उघडून आत काय आहे हे बघावं असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. पण ती वर्षातून एकदा मानानं बाहेर पडते. बाबांना आमची गाडी रविवारी आईला घेऊन जोतिबाला न्यायचीय. दोन्ही गाड्या जुन्या, पण काम वेगळं.

शेवटी मी माझं मत मागे घेतलं. बाबांनीही थोडं घेतलं. ब्लॉकला लायनर बसतील, इंजिन तेच राहील. पण रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा येईल, म्हणजे जोतिबाच्या चढावर ती तापणार नाही. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मागे सीटबेल्ट, ते आईनं सांगितलं. काढलेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून, नाव लिहून, माळ्यावरच्या पेटीत. यातलं एकही काम असं नाही की जे उलटं फिरवता येणार नाही. आमच्या भाषेत रोलबॅक.

ब्लॉक सध्या उद्यमनगरात बोअरिंगच्या मशीनवर आहे. मी मागच्या शनिवारी बघायला गेलो होतो. मेस्त्रींनी कॅलिपर माझ्या हातात दिला आणि माप घ्यायला लावलं. इंजिनिअर ना तू, म्हणून. सॉफ्टवेअरचा आहे असं सांगितल्यावर त्यांनी तो परत घेतला. पिस्टनचा सेट अजून आलेला नाही. दसऱ्याच्या आधी इंजिन बसेल असं ते म्हणतात, कुठल्या दसऱ्याच्या ते बाबांनी मुद्दाम विचारलं नाही.